पाटीलकी, पंचायत आणि सरपंचाची सही

धाड हे गावाचे नाव ऐकताच परमुलखातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे दरोडेखोरांची टोळी उभी राहिल्यावाचून राहत नाही. 'काय धाड भरली आहे?' असे आपण घरातल्या माणसास रागाने विचारतो, तेव्हाही हाच शब्द ओठांवर येतो. गावाच्या नावाचे मूळ याच शब्दात आहे असा आमचा मुळीच आग्रह नाही. ग्रामनामांची व्युत्पत्ती हा मोठा निसरडा प्रांत आहे, आणि त्यात पाय घालणारे विद्वान बहुधा चिखल घेऊनच परत येतात. तथापि, ज्या मुलखात हे गाव वसले आहे त्याने धाडी पुष्कळ पाहिल्या, हे मात्र खरे. बुलढाण्याच्या नैर्ऋत्येस, अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर, जुने लोक ज्यास वऱ्हाडचा बालाघाट म्हणत त्या भागाच्या अगदी कडेला धाड आहे. पलीकडे भोकरदनचा मुलूख लागतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा ज्या असईजवळ पराभव केला, ते असईही येथून फार दूर नाही. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले, आणि धाडच्या शिवेपलीकडची जमीन एका राज्याची व अलीकडची दुसऱ्या कारभाराची झाली. ही रेघ १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत टिकली.

अशा कडेच्या गावाचा कारभार आज लोकांनी निवडलेला सरपंच पाहतो. हा लोकनियुक्त कारभारी आला कोठून? या प्रश्नास आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे. भारतातील प्रत्येक खेडे हे पुरातन काळापासून एक लहानसे लोकराज्य होते, राजे आले व गेले, पण पंचायत अढळ राहिली. इंग्रजांनी ती मोडली आणि स्वराज्याने ती पुन्हा उभी केली. या उत्तराचा मूळ उद्गाता एक इंग्रज अधिकारी, सर चार्ल्स मेटकाफ, होता ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याने १८३० साली लिहिलेल्या टिपणातील 'लहान लोकराज्यां'ची कल्पना आपल्या पुढाऱ्यांनी इतकी आपलीशी केली की, ती आपल्या आजोबांनीच आपल्याला सांगितली असे आपल्याला वाटू लागले. महाराष्ट्रापुरते पाहिले तर कागदपत्रे निराळेच सांगतात.

मराठी मुलखातील गावाचा मुख्य पाटील. पाटीलकी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, आणि अडचणीच्या वेळी विकलेही जाई. सारा थकला, दंड भरावयाचा झाला किंवा कर्ज डोईजड झाले म्हणजे निम्मी पाटीलकी विकत दिल्याची खते मराठ्यांच्या इतिहासात ठिकठिकाणी आढळतात. अशा खतात पैशाइतकाच तपशील मानपानाचा असतो. पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल आधी निघावा, होळीची पोळी प्रथम कोणी टाकावी, शिरपाव आला तर तो आधी कोणाच्या डोक्यावर जावा, याविषयी दोन तक्षिमदारांत पिढ्यानपिढ्या कज्जे चालत. हे सारे आजच्या वाचकास पोरकट वाटेल. परंतु दिल्लीच्या बादशहास मुठीत ठेवणारे महादजी शिंदे स्वतःस 'पाटील' म्हणवून घेण्यात भूषण मानीत, यावरून त्या शब्दाचे वजन समजावे. गोतसभा बसे, महजर होत, वतनदार आणि बलुतेदार साक्षीस उभे राहत. पण या सभेत कोणी कोणास निवडून देत नसे. जो तो आपल्या वतनाच्या जोरावर तेथे बसे. गावकुसाबाहेर ज्याचे घर, त्यास त्या सभेत हाकाटी करण्याचे काम होते; निर्णयात आवाज नव्हता.

निवडणुकीची जुनी उदाहरणे भारतात नाहीत असे नव्हे. तामिळ देशात उत्तरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, इसवी सन ९१९ व ९२१ चे, दोन शिलालेख आहेत. गावाच्या समित्यांवर माणसे कशी नेमावीत याचे नियम त्यांत दिले आहेत. ताडपत्रावर नावे लिहून ती मडक्यात टाकीत आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत. उमेदवाराचे वय पस्तीस ते सत्तर असावे, स्वतःची जमीन असावी, स्वतःच्या जागेवर घर असावे. आणि ज्याने पूर्वी समितीत राहून हिशेब दिला नाही तो, व त्याचे नातलगही, अपात्र समजावेत. हिशेब न देणाऱ्याच्या नातलगांवरही बंदी घालणारा हा नियम वाचून आजच्या किती घरांत चुळबूळ होईल, हे सांगणे नको. पण उत्तरमेरूर हे जमीनदार ब्राह्मणांचे गाव होते, आणि धाडपासून पुष्कळ दूर होते. मराठी मुलखात त्या धर्तीची निवडणूक रूढ असल्याचा पुरावा नाही. तेव्हा धाडच्या सरपंचाचा पूर्वज शोधावयाचा तर मडक्यातील चिठ्ठीकडे पाहून उपयोग नाही. तो सरकारी कायद्याच्या पुस्तकातच शोधला पाहिजे.

इंग्रजांनी वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी आणली आणि पाटील-पटवाऱ्यांस सरकारी नोकरांच्या रांगेत बसविले. १९०० सालचा 'बेरार पटेल्स अँड पटवारीज लॉ' या बदलावर शिक्कामोर्तब करतो. पाटीलकी वंशपरंपरेने राहिली, पण ती आता डेप्युटी कमिशनरच्या मर्जीवर राहिली. दरम्यान १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव केला. त्यास अनुसरून वऱ्हाडास १८८५ साली ग्रामीण बोर्डांचा आणि १८८६ साली म्युनिसिपालिट्यांचा कायदा मिळाला. वऱ्हाड नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे असल्यामुळे त्यास हिंदुस्थान सरकारकडून असे स्वतंत्र कायदे मिळत. १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले व १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले, तरीही निजामाचे नाममात्र स्वामित्व शिल्लकच होते. म्हणजे धाडच्या ज्या मोजक्या खातेदारांस बोर्डाच्या निवडणुकीत मत मिळाले, ते कागदोपत्री निजामाच्याच मुलखात राहून मत देत होते. आणि शिवेपलीकडील त्यांच्या सोयऱ्यांनी प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक पाहिली ती १९५२ च्या सुमारास.

या बोर्डांत निवडून आलेल्या सभासदांपाशी होते तरी काय? अध्यक्षस्थानी बहुधा सरकारी अंमलदार, पैसा सरकारी उपकराचा, आणि हाती सूचना करण्याचा अधिकार. मताचा हक्क जमिनीवर आणि करावर अवलंबून असल्याने निवडून येणाराही पाटील-देशमुखांच्याच घरचा. जुन्या गादीवर बसणारा मनुष्य नव्या खुर्चीवरही बसला, इतकेच घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते अर्धेच खरे आहे. खुर्चीत एक गुण असा आहे की, तिच्यावरून मनुष्यास उठविता येते. ही गोष्ट गावास हळूहळू कळू लागली.

१९२० साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दोन कायदे झाले, एक स्थानिक स्वराज्याचा व दुसरा ग्रामपंचायतींचा. पंचायतींस आरोग्याची कामे आणि किरकोळ दाव्यांचा निवाडा सोपविण्यात आला. त्या पंचायतींचा इतिहास मोठा उत्साहवर्धक नाही, म्हणून त्यावरून पुढे जाऊ. त्याच दशकात वऱ्हाडच्या एका निवडून आलेल्या अध्यक्षाने जे केले ते मात्र थांबून पाहण्याजोगे आहे.

१९२८ साली डॉ. पंजाबराव देशमुख हे अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले. पापळ गावच्या शेतकरी घराण्यातला हा तरुण विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आला होता. वऱ्हाडात अध्यक्षपदे भूषविणारे बॅरिस्टर पूर्वीही होते. भूषविणे हाच त्या पदाचा मुख्य उपयोग समजला जाई. पंजाबरावांनी कौन्सिलच्या अखत्यारीतील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या, आणि शिक्षण वाढविण्यासाठी कर वाढविण्याचे धाडस केले. या दोन कृत्यांपैकी कोणते अधिक अप्रिय झाले असेल याचा वाचकांनीच विचार करावा. ज्या शेतकऱ्यांच्या मतांवर ते निवडून आले, त्यांच्याच विहिरीवर त्यांना न आवडणारी घागर आली आणि त्यांच्याच साऱ्यावर कर चढला. लोकनियुक्त पुढाऱ्याने मतदारांची इच्छा पुरी करावी असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे पुढारी मतदारांच्या इच्छेच्या एक पाऊल पुढे गेला आणि तरीही त्यांच्यातच राहिला. हे कसे साधते, यात आमच्या मते लोकनियुक्त कारभाराची खरी कसोटी आहे.

ते नेहमीच साधत नाही. याचा सर्वांत बोलका दाखला वऱ्हाडाबाहेरचा, कोकणातील महाड या लहानशा गावाचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची स्थळे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. सरकारने तो ठराव खालच्या संस्थांकडे पाठविला. बहुतेकांनी तो दप्तरात ठेवला. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला; तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे या चळवळीचे मोठे पाठीराखे होते. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही. जाण्याची सोयच नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात मारहाण झाली, तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे होत होती त्या दिवशी, महाडच्या म्युनिसिपालिटीने आपला जुना ठराव रद्द केला. पुढे दावा चालला तो १९३७ च्या मार्चपर्यंत; मुंबई हायकोर्टाने अखेर अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या प्रकरणाचे वर्णन करताना पुष्कळजण सरकारच्या उदासीनतेस दोष देतात, आणि ती होतीच. पण म्युनिसिपालिटीचा ठराव रद्द करण्यास कलेक्टराने हुकूम दिला नव्हता. निवडून आलेल्या सभासदांनी, आपापल्या आळीतल्या मतदारांच्या तोंडाकडे पाहून, हात वर केले. लहान गावात सभासद आणि मतदार यांची भेट पाच वर्षांनी होत नाही. ती रोज सकाळी वाण्याच्या दुकानात होते. मोठ्या विधिमंडळातील सभासदास जो एकांत मिळतो तो गावच्या कारभाऱ्यास कधीच नसतो. वरून अंमलदाराची पकड आणि खालून आळीची पकड, अशा दुहेरी सांडशीत तो असतो. आपल्या इतिहासकारांनी पहिल्या पकडीवर पुष्कळ शाई खर्च केली. दुसरीविषयी ते फारसे बोलत नाहीत, कारण ती त्यांच्या स्वतःच्या आळीची असते.

डॉ. आंबेडकरांनी मात्र ती नेमकी ओळखली होती. मुंबई सरकारने ग्रामपंचायतींचे विधेयक आणले तेव्हा, १९३२ च्या ऑक्टोबरात, त्यांनी कौन्सिलात त्यास कसून विरोध केला. पंचांच्या हाती न्यायाचे काम देऊ नये आणि अस्पृश्यांस राखीव जागा नसतील तर पंचायत म्हणजे त्यांच्यावर बसविलेला नवा अंमल होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यांविषयी जे कठोर उद्गार काढले ते सर्वश्रुत आहेत. मेटकाफच्या चित्रावर इतका प्रखर प्रहार दुसऱ्या कोणी केला नाही. त्यानंतर अठराच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, पंचायती स्थापन करण्याविषयीचे कलम के. संतानम यांच्या दुरुस्तीने घटनेत आले, आणि आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. आज ते कलम ४० म्हणून ओळखले जाते. खेड्यांचा अभिमानी आणि खेड्यांचा टीकाकार हे दोघेही त्या एका कलमावर येऊन थांबले, पण दोघांनी त्यात वाचले ते निरनिराळे.

धाडकडे परत येऊ. १९४६ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात ग्रामपंचायतींस प्रौढ मतदान मिळाले. १९४८ साली जनपद सभा आल्या. स्वायत्त शासन मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांची ती योजना. डिस्ट्रिक्ट कौन्सिले मोडून तहसिलीस लोकनियुक्त सभा दिली, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी ठेवला. कल्पना मोठी होती. पैसा बेताचाच होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १ जून १९५९ पासून लागू झाला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पुढच्या वर्षी वसंतराव नाईक समितीने आपला अहवाल दिला. नाईक हे स्वतः विदर्भातील पुसदचे. १९४६ साली त्यांनी तेथील म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद सांभाळले होते, तेव्हा गावच्या खुर्चीवरून दिसणारे जग त्यांच्या परिचयाचे होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, जनपद सभा संपल्या. आणि त्याच १९६२ साली महसुली पाटलाचे पद कायद्याने रद्द झाले. एकाच वर्षी जुनी गादी उचलली गेली आणि नवी खुर्ची पक्की झाली. इतिहासात असे सोयीचे योगायोग क्वचित येतात, आणि ते आले म्हणजे त्यांवर जरा अविश्वासच दाखवावा. पाटील गेला तरी 'पाटील' हे संबोधन गेले नाही; आजही सरपंच कोणीही असो, पारावर कोणा तरी एकाला 'पाटील, या' असे म्हटले जातेच.

आता त्या खुर्चीपाशी काय आहे ते पाहू. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे पंचायतीत सात ते सतरा सभासद असतात. ते प्रभागांतून निवडून येतात, आणि कित्येक दशके सरपंचाची निवड हेच सभासद आपसांत करीत. त्यामुळे सरपंच होण्यासाठी गाव जिंकावे लागत नसे. चार-सहा माणसे जिंकली, किंवा एका सहलीवर नेऊन सुरक्षित ठेवली, की काम भागे. निवडणुकीनंतर काही दिवस सभासद गावात दिसत नाहीत आणि एकदम मतदानाच्या सकाळी मोटारीतून उतरतात, हा देखावा महाराष्ट्रातील कोणत्या मोठ्या गावाने पाहिला नाही? आणि सरपंच झाल्यावरही अविश्वासाचा ठराव डोक्यावर टांगलेला. २०१७ साली सरकारने सरपंच थेट लोकांकडून निवडण्याचा कायदा केला. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असण्याची अटही घातली. २०२० साली दुसऱ्या सरकारने थेट निवड रद्द केली. २०२२ साली तिसऱ्याने ती पुन्हा आणली. गावच्या मनुष्याने सरपंच कसा निवडावा हे पाच वर्षांत तीनदा मुंबईत ठरले. गावास एकदाही विचारले गेले नाही. आमचे मत विचाराल तर थेट निवड बरी. कारण तिने सहलीचा खर्च तरी वाचतो. पण थेट निवडलेला सरपंच आणि विरुद्ध गटाचे बहुमत असलेली पंचायत अशी जोडी जेथे पडली, तेथे गाडा जागचा हलत नाही, ही त्या पद्धतीची किंमत आहे आणि ती लपवू नये.

सरपंचाची खरी दुखरी बाजू त्याच्या सहीत आहे. गावनिधीतला पैसा काढावयाचा तर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागतात. ग्रामसेवक, ज्यास २०२४ च्या निर्णयापासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणू लागले आहेत, तो जिल्हा परिषदेचा नोकर. त्याची बदली, बढती, शिक्षा सारी वर. सरपंचाचे गैरवर्तन ठरले तर विभागीय आयुक्त त्यास दूर करू शकतो. ग्रामसेवकास दूर करण्याचा अधिकार मात्र सरपंचास नाही. दुहेरी सहीचा हेतू चांगला आहे, आणि उत्तरमेरूरच्या शिलालेखकर्त्यांनीही त्यास मान डोलावली असती. परंतु व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो की, ज्यास कायद्याची कलमे पाठ आहेत तो ज्यास नाहीत त्याला चालवितो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षे आपले अनुदान सरळ ग्रामपंचायतींस दिले. तेव्हा गावच्या कारभाऱ्याच्या हाती प्रथमच भरीव पैसा आला. पंधराव्या आयोगाने २०२१ पासून त्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छता यांस बांधून टाकले. पाणी आणि स्वच्छता नको असे कोण म्हणेल? पण गावाची नड कोणती हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा गावाबाहेर गेला. घरपट्टी वसूल करून स्वतःचा पैसा उभा करावा असे सल्ले देणाऱ्यांस आम्ही एवढेच सुचवू की, त्यांनी एकदा आपल्याच भावकीतल्या मनुष्याकडे थकलेली घरपट्टी मागण्यास जावे. पंजाबरावांनी कर वाढविला तो जिल्ह्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून. सरपंचास तो मागावा लागतो तो शेजारच्या ओट्यावर बसून.

या खुर्चीवर शेवटी आले ते ज्यांस गोतसभेत जागा नव्हती. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांस एक-तृतीयांश जागा व पदे राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. येथे बुलढाण्याच्या माणसास एक अभिमानाची गोष्ट आठवावी. ज्या १८८२ साली रिपनचा ठराव झाला, त्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे वडील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. म्हणजे ज्या कचेरीतून वऱ्हाडच्या या कडेचा कारभार हाले तिच्या सावलीत वाढलेली एक स्त्री पुरुषांस त्यांच्या वर्तनाचा जाब विचारीत होती, आणि त्या कचेरीच्या कागदांत तिला मत असण्याची कल्पनाही नव्हती. शंभर वर्षांनी, घटनादुरुस्तीची वाट न पाहता, १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे शेतकरी संघटनेच्या स्त्रियांनी संपूर्ण पंचायती जिंकून दाखविल्या.

राखीव पदांची टिंगल करणारे म्हणतात की, सही बायकोची आणि कारभार नवऱ्याचा. हे ठिकठिकाणी घडते आणि 'सरपंचपती' हा शब्द मराठीत रुळलाही आहे. परंतु पुरुष सरपंच ज्या पुढाऱ्याच्या कृपेने निवडून येतो त्याच्या तोंडाकडे पाहूनच सही करतो, तेव्हा त्या पुढाऱ्यास कोणी 'सरपंचपती' म्हणत नाही. स्त्रीच्या बाबतीत उसनेपण डोळ्यांस दिसते, कारण तिचा सल्लागार तिच्याच घरात राहतो.

शेवटी एक ताजे प्रकरण सांगतो. पाटीलकी विकत देण्याची जुनी खते वाचलेल्यास ते नवे वाटणार नाही. २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका चालल्या असता नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्याची बोली देवळाच्या बांधकामासाठी होती आणि ती दोन कोटी रुपयांवर गेली होती. गावाचे म्हणणे असे की, निवडणुकीत पैसा व वैर दोन्ही वाया जातात, त्यापेक्षा तोच पैसा देवास गेला तर बिघडले काय? सर्वाधिक बोली बोलणाऱ्याचीच माणसे अर्ज भरतील, बाकीचे माघार घेतील, आणि 'बिनविरोध' झाल्याची शाबासकीही मिळेल. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. ज्या बाईची किंवा मजुराची बोलण्याची ऐपत दोन कोटींची नव्हती, तिचे एक मत त्या दिवशी आयोगाच्या हुकुमाने वाचले.

अलीकडे ई-ग्रामस्वराज नावाच्या प्रणालीतून पंचायतीचे पैसे संगणकावर दिले जातात. सहीऐवजी अंगठ्याएवढ्या एका यंत्रात साठविलेली सही चालते. एक सरपंचाची आणि एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची. शाईची सही करावयाची तर मनुष्य स्वतः टेबलापाशी यावा लागे. हे यंत्र दुसऱ्याच्या हाती देता येते, आणि परवलीचा आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहूनही देता येतो. धाडच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या ग्रामसभेत २६ जानेवारीस ध्वजवंदनानंतर लोक जमतात, तेव्हा कामांची यादी वाचली जाते, खर्चाचे आकडे वाचले जातात. ती दोन यंत्रे कोणाच्या कपाटात असतात, हे विचारण्यास मात्र कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही.